जिन्याचं कुलूप

आमच्या घराला हॉस्टेल म्हणणारा पहिला माणूस नगर निगमचा होता. सकाळी अकराच्या सुमारास तो फाटकाशी आला. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. त्याने विचारलं, "माताजी, ऊपर कितने लोग रहते हैं?"

मी म्हटलं, चार मुली.

"रिश्तेदार हैं?"

मी म्हटलं, नाही.

त्याने टॅबवर एक बोट टेकवलं आणि म्हणाला, "हॉस्टल."

मी म्हटलं, "भैया, ये घर है."

"घर नीचे है," तो म्हणाला. "ऊपर हॉस्टल है." मग त्याने घराचा फोटो काढला, त्यात मीही आले, आणि तो शेजारच्या फाटकाकडे गेला.

या हिंदी बोलणाऱ्या शहरात, विजय नगरमध्ये, हे घर आम्ही दोघांनी नोकरीत असताना बांधलं. मी हिंदी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवायची. हे रांझीला सरकारी फॅक्टरीत होते, तपासणी विभागात. बनून आलेला माल मोजायचा, पाहायचा, आणि ठीक असेल तरच त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांनी चौतीस वर्षं केलं. वरचा मजला मुलासाठी आणि मुलीसाठी होता. दोघंही पुण्याला गेले. तिथे त्यांच्या मराठीला लोक हसतात, म्हणून ते आपसात हिंदीत बोलतात असं मुलगी सांगते. वरच्या दोन खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि आपल्या कॉलनीत कोचिंगच्या मुली जागा शोधत फिरतात हे दिसत होतं. टॅबवाला आला त्याच्या सहा वर्षं आधी आम्ही पहिल्या चार मुली ठेवल्या. त्यांचं जेवण डब्याचं, चहा कधी त्यांचा, कधी माझा.

वर जायचा जिना बाहेरून आहे, पोर्चमधून. त्याच्या पायथ्याशी सरकतं लोखंडी जाळीचं दार आहे, त्याला आमच्याकडे सगळे चॅनल गेट म्हणतात. त्या गेटला मी रोज नऊ वाजता कुलूप लावायची आणि सकाळी सहाला काढायची. किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स स्वयंपाकघराच्या दाराआड हुकाला.

हे कुलूप माझं होतं, हे आधीच सांगून टाकते. पहिल्या वर्षी एका मुलीची आई फोनवर म्हणाली, "आपके भरोसे छोड़ा है, दीदी." त्या शब्दाने मी इतकी घाबरले की दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन सगळ्यात मोठं कुलूप घेऊन आले. यांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "आत माणसं असताना बाहेरून कुलूप लावत नसतात."

मी म्हटलं, "ही फॅक्टरी नाही."

त्यांनी कुलूप मला परत दिलं. पुढल्या वर्षांत जे आईबाप खोली पाहायला आले, त्यांना मी आधी कुलूप दाखवलं, मग खोली. बहुतेकांनी खोली नीट पाहिलीच नाही.

टॅबवाला येऊन गेला त्यानंतर आठ-दहा दिवसांत नोटीस आली. कुठल्यातरी दुसऱ्या शहरात मुलांच्या राहण्याच्या इमारतीला आग लागली होती, आणि आमच्या शहराला आपल्याकडे अशा इमारती किती आहेत हे माहीत नव्हतं, म्हणून मोजणी सुरू होती. नोटिशीत लिहिलं होतं की पंधरा दिवसांत नोंदणी करावी, राहणाऱ्यांची माहिती ठाण्यात द्यावी, आगीची व्यवस्था करावी आणि तपासणीसाठी जागा खुली ठेवावी.

मी घाबरले. हे खूश झाले. निवृत्तीनंतर चार वर्षांत त्यांच्याकडे कुणी कसलाही कागद तीन प्रतींत मागितला नव्हता.

नोंदणी ऑनलाइन होती. घराच्या कराच्या खात्यावर मुलाचा मोबाइल नंबर होता, त्यामुळे दर वेळी ओटीपी पुण्याला जायचा. मुलगा मीटिंगमध्ये असायचा. तो बाहेर येईपर्यंत ओटीपी शिळा व्हायचा. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी तो रजा टाकून बसला आणि इकडे आमच्याकडे फॉर्म उघडला. त्यात पहिलाच प्रश्न होता, जागेचा प्रकार. पर्याय चार होते: हॉस्टेल, लॉज, धर्मशाळा, मॅरेज गार्डन.

"घर नाही यात," मी म्हटलं.

"घराला परवानगी कशाला लागते?" हे म्हणाले, आणि त्यांनी हॉस्टेल निवडलं. हॉस्टेल म्हटल्यावर फॉर्म वॉर्डनचं नाव विचारू लागला आणि वॉर्डनच्या खोलीचं क्षेत्रफळ. यांनी मागे जाऊन लॉज निवडलं. लॉजला वॉर्डन लागत नव्हता. अशा रीतीने आम्ही लॉज झालो.

मग तयारी सुरू झाली. यांनी आग विझवायचे लाल सिलिंडर दोन आणले, एक वर, एक खाली, आणि ते टांगायची उंची टेपने मोजली. मुलींना पोर्चमध्ये उभं करून पिन कशी काढायची, नळी कुठे धरायची, ज्वाळेवर नाही तर बुडाशी मारायचं, हे शिकवलं. भिंतीवर हिरव्या रंगाने बाण काढला आणि खाली लिहिलं, "निकास". बाण जिन्याकडे होता. वरून खाली यायला दुसरी वाटच नाही, त्यामुळे मुली हसल्या. त्या चौघींत सिहोऱ्याची एक मुलगी होती, सगळ्यांत मोठी, दोन वर्षांपासून आमच्याकडे. पटवारीच्या, म्हणजे तलाठ्याच्या, परीक्षेची तयारी करत होती. ती हसली नाही. तिने विचारलं, "अंकल, तीर नीचे तक बनाएँगे या यहीं तक?"

"नीचे तक," हे म्हणाले, आणि त्यांनी बाण गेटपर्यंत काढले. एकूण सहा झाले. शेवटचा बाण चॅनल गेटच्या अगदी जवळ होता. तो काढताना ते तिथे थोडा वेळ उकिडवे बसून राहिले. मला वाटलं गुडघा धरला.

तपासणीला आली ती नगर निगमची सब-इंजिनियर, जेमतेम अठ्ठावीस-तीसची. डोक्यावरचं हेल्मेट काढून तिने आमच्या तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं. सोबत फोटो काढणारा एक माणूस होता. यांनी फाइल पुढे केली. फाइलला अनुक्रमणिका होती. तिने ती पाहिली, मग यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अंकल, ऐसा कोई नहीं देता."

यांची मान थोडी ताठ झाली.

तिने सगळं पाहिलं. वायरिंग, गॅसची टाकी कुठे, खिडक्यांच्या जाळ्या, संडास किती. जिन्याची रुंदी मोजायला तिने टेप काढला. हे म्हणाले, "मॅडम, आपके टेप का हुक मुड़ा हुआ है. दो मिलीमीटर ज़्यादा बताएगा."

तिने हुक पाहिला. "जी," ती म्हणाली, आणि दोन मिलीमीटर कमी लिहिले.

एवढ्या थोड्या मुलींसाठी एक जिना चालेल असं ती म्हणाली, फक्त तो मोकळा पाहिजे. मग ती खाली आली, चॅनल गेटपाशी थांबली. कुलूप गेटच्या कडीतच लटकत होतं, उघडं. तिने ते बोटाने हलवलं.

"ये कब लगता है?"

"नौ बजे," हे म्हणाले.

"बाहर से?"

"जी."

"चाबी कहाँ रहती है?"

"नीचे."

"और लड़कियाँ?"

"ऊपर."

ती लिहीत होती. मान वर न करता तिने विचारलं, "लगाता कौन है?"

मी तोंड उघडलं होतं. हे म्हणाले, "मैं."

फोटोवाल्याने कुलुपाचा फोटो काढला. एक जवळून, एक लांबून. सब-इंजिनियर म्हणाली, "आप तो फैक्ट्री में थे न, अंकल? वहाँ ऐसे ताला लगाते थे?"

"नहीं," हे म्हणाले.

ती रागावली नाही, लेक्चरही दिलं नाही. कागदावर सही घेतली, सात दिवसांत कुलूप काढून कळवा म्हणाली, माझ्याकडे पाणी मागून प्यायली आणि हेल्मेट घालून गेली.

दुपारी जेवताना यांनी वरणभात कालवला आणि तसाच ठेवला. मी विचारलं, "तुम्ही काहून सांगितलं, मी लावतो म्हणून?"

"तू लावलं," ते म्हणाले. "पास मी केलं. सहा वर्षं रोज पाहून राहिलो."

फॅक्टरीत त्यांच्या शिक्क्याशिवाय काही बाहेर जात नसे. एकदा त्यांनी अख्खा लॉट परत पाठवला होता, तेव्हा महिनाभर त्यांच्याशी कुणी धड बोललं नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. त्या दुपारी मात्र ते भात तसाच टाकून उठले. मी पण उठले. कुलूप काढलं आणि कपाटाच्या खणात टाकलं. मला वाटलं होतं हायसं वाटेल. नऊ वाजले तसे माझे हात रिकामे वाटू लागले, म्हणून मी उद्याची मेथी निवडत बसले.

मुलींच्या घरी फोन करणं माझ्याकडे आलं. तिघींचे आईबाप "जैसा आप ठीक समझें" म्हणाले. सिहोऱ्याच्या मुलीचे वडील म्हणाले, "मैं आता हूँ."

ते रविवारी सकाळच्या बसने आले. सिहोऱ्याच्या मंडीत त्यांचं धान्याचं दुकान होतं. उंच, सावकाश बोलणारे. येताना मटारची अर्धी गोणी घेऊन आले होते. बाकीच्या तिघी लायब्ररीत गेल्या होत्या, घरात फक्त त्यांची मुलगी होती. त्यांनी चहा घेतला, मग उठून गेट पाहिलं, कडी पाहिली, कडीत कुलूप नाही हे पाहिलं.

"भाई साहब," ते यांना म्हणाले, "मैंने कमरा देखकर लड़की नहीं छोड़ी थी. ये ताला देखकर छोड़ी थी."

हे म्हणाले, आग लागली तर?

"आग रोज़ नहीं लगती. और आप लोग नीचे तो हैं. चाबी लेकर आने में कितना टाइम लगता है? एक मिनट?"

"चलो, देख लेते हैं," हे म्हणाले.

त्यांनी खणातून कुलूप काढलं, किल्ली मला दिली आणि घरात मराठीत म्हणाले, "नेहमीच्या जागी ठेव. आम्ही तिघं वर जातो. शिट्टी वाजली की ये. घाई करू नको, पण थांबूही नको." फॅक्टरीतली शिट्टी त्यांनी अजून जपून ठेवली होती. मी गेटला बाहेरून कुलूप लावलं. ते, सिहोऱ्याचे वडील आणि मुलगी वर गेले.

मी किल्ली पर्समधल्या जुडग्यात अडकवली, पर्स हुकाला लावली आणि मटार सोलायला बसले. तेवढ्यात मुलाचा फोन आला की निगमचा आणखी एक ओटीपी आलाय, लिहून घे. चष्मा पर्समध्ये होता. पर्स घेऊन मी आतल्या खोलीत गेले, पलंगावर बसून आकडे लिहिले, आणि पर्स तिथेच राहिली. हे मला आता नीट आठवतं. शिट्टी वाजली तेव्हा आठवलं नाही.

मी हुकाकडे गेले. हूक रिकामा. फ्रिजवर पाहिलं, डायनिंग टेबलवर पाहिलं, देवघरात पाहिलं, देवघरात का ते माहीत नाही. दुसरी शिट्टी वाजली. मला ठाऊक होतं की आग नाही, वर तीन माणसं नुसती उभी आहेत, तरी मी इतकी भांबावले की मला पलंगावरची पर्स दिसूनही कळेना की ती पर्स आहे. जुडग्यात सारख्या दिसणाऱ्या तीन किल्ल्या होत्या. मी पोर्चमध्ये धावले, पहिली किल्ली लावली, ती गेली नाही. दुसरी अर्धी गेली आणि अडकली. जाळीच्या पलीकडे शेवटच्या पायरीवर ते दोघं उभे होते, आणि दोघांनीही घड्याळाकडे पाहणं सोडून माझ्याकडे पाहायला सुरुवात केली होती.

"आंटी, हटिए," मुलगी आतून जाळीपाशी येऊन म्हणाली.

तिने माझी अडकलेली किल्ली हलकेच ओढून काढली. मग ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. त्यात एक किल्ली होती, लाल दोरा बांधलेली. जाळीतून हात बाहेर काढून, न पाहता, तिने कुलूप उघडलं. तिला दोन सेकंद लागले असतील. सवयीचं काम होतं.

कुणीच गेट सरकवलं नाही. मी बाहेर, ते तिघं आत.

"ये तेरे पास कहाँ से आई?" वडिलांनी विचारलं.

"पहले वाली दीदी ने दी थी. जाते समय. उनको उनसे पहले वाली ने."

म्हणजे पहिल्याच वर्षी केव्हातरी, माझी किल्ली कुणीतरी तासाभरासाठी उचलली होती, बाजारात दुसरी बनवून आणली होती, आणि मला पत्ता लागला नव्हता. सहा वर्षं मी आयाबापांना जे कुलूप दाखवत होते त्याची किल्ली वर राहत होती.

"कितनी बार खोला?" वडिलांनी विचारलं.

"एक बार. नीचे तार पर कपड़े थे, पानी आ गया था."

"फिर?"

"फिर कपड़े उठाए और वापस बंद कर दिया."

हे भिंतीकडे बघत होते. मला वाटतं त्यांना हसू येत होतं, आणि ते त्यांना योग्य वाटत नव्हतं. वडिलांना हसू येत नव्हतं. त्यांच्या हिशोबात आमच्याकडे आता कुलूप नव्हतं आणि मुलीकडे किल्ली होती, आणि दोन्ही गोष्टी वाईट होत्या. ते शांतपणे म्हणाले, "सामान बाँध लो."

कोचिंगच्या जवळ मुलींचं एक तीन मजली हॉस्टेल होतं. वॉर्डन होती, लोखंडी दार होतं, कुलूप होतं. दुपारीच तिला तिथे नेलं. निघताना ती माझ्याकडे आली, लाल दोऱ्याची किल्ली पुढे केली आणि म्हणाली, "आंटी, ये आपकी है."

मी तिला सांगितलं, तपासणीच्या दिवशी अंकल खोटं बोलले, कुलूप मी लावायची.

"पता है," ती म्हणाली. "रोज़ चप्पल की आवाज़ आती थी. अंकल तो नंगे पैर चलते हैं."

तिच्या पलंगाची जागा मी कुणाला दिली नाही. दोन जणी विचारून गेल्या, मी सांगितलं, भरलेली आहे. हे ऐकत होते, त्यांनी दुरुस्ती केली नाही. मटार मात्र संपता संपेनात. आठवडाभर मटारची उसळ, मटारचे पराठे, मटारभात चालला.

तीन आठवड्यांनी दुपारी तिचा फोन आला. "आंटी, हमारा पलंग खाली है क्या?"

सब-इंजिनियर त्या हॉस्टेलला पोचली होती. तिथे दुसरा जिना होता, पण त्यात गाद्या भरून ठेवल्या होत्या. खिडक्यांना पूर्ण जाळी. पुढचं दार बाहेरून बंद. संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करा म्हणून सांगितलं, आणि पन्नासेक मुली पेट्या, बादल्या, गाद्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या. त्यांचं काय होणार हे नोटिशीत लिहिलेलं नव्हतं. कुणी मामाकडे गेल्या, कुणी बस पकडली. काहींना त्या दिवशी खरोखरच कुठे जायचं ते कळत नव्हतं. त्यातल्या दोघींना ही आपल्यासोबत घेऊन आली. त्या आठवडाभर आमच्या दिवाणखान्यात झोपल्या. असं ठेवणं लॉजच्या नियमात बसत नाही, आणि यांनी ते कुणाला कळवलं नाही.

वडीलही सोबत होते. त्यांना योगायोगाने त्याच दिवशी मुलीला पैसे-कपडे द्यायला यायचं होतं, आणि तपासणी चालू असताना ते त्या हॉस्टेलच्या दारात उभे होते. आमच्या पोर्चमध्ये ते खुर्चीवर बसले. मी चहा दिला.

"मैडम ने वार्डन से बोला, चाबी लाओ," ते म्हणाले. "मैं वहीं खड़ा था, भाभी जी. आपसे भी ज़्यादा देर लगी."

हे माझं कौतुक होतं की काय, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, साखर घालू का अजून?

त्यांनी गेट पाहिलं. आता कडी आतल्या बाजूला होती, चौघींसाठी एकेक किल्ली होती, पाचवी आमच्याकडे. त्यांनी कडी दोनदा लावून, काढून पाहिली. "ठीक है," म्हणाले, आणि शेवटची बस गाठायला उठले. जाताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. ती दिवाणखान्यात त्या दोघींच्या गाद्या अंथरत होती, तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

सब-इंजिनियर पुन्हा आली तेव्हा दहा मिनिटांत काम झालं. तिच्याकडे नवीन टेप होता. प्रमाणपत्रावर आमच्या घराचा प्रकार लॉज असा आहे, आणि लॉजला प्रवाशांचं रजिस्टर ठेवावं लागतं, म्हणून आमच्याकडे आता रजिस्टर आहे. कुठून आले, कशासाठी आले, कुठे जाणार. सिहोऱ्याच्या मुलीने दुसऱ्या खेपेला परीक्षा पास केली. नेमणूक लांब मिळाली. जाताना तिने शेवटच्या रकान्यात आपल्या हलक्याचं, म्हणजे पटवारी म्हणून मिळालेल्या गावांच्या टापूचं, नाव लिहिलं, आणि वडिलांनी त्याखाली कारण नसताना सही केली.

तिच्या जागेसाठी या जूनमध्ये कटनीकडची एक बाई मुलीला घेऊन आली. खोली आवडली, हवा आवडली, तिने खिडकीतून कॉलनी पाहिली. मग विचारलं, "दीदी, रात को ताला लगता है न?"

मी म्हटलं, लागतं. आतून.

"और चाबी?"

"इसके पास रहेगी," मी मुलीकडे बोट दाखवलं.

मुलीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, आणखी एक-दोन ठिकाणं बघून सांगते. त्या परत आल्या नाहीत. पलंग पंधरा दिवस रिकामा राहिला, मग दमोहची एक मुलगी आली, तिने एकटीनेच येऊन जागा पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला की पाणी किती वाजता येतं.